डोळस होण्याचं वर्ष

शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्या मराठी मुलाने कधी ना कधी तांब्या काढलेला असतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीत तांब्या, शेजारी दोन फळं आणि मागे सुरकुत्यांचं कापड ही मांडणी कितीतरी पिढ्या चालत आली आहे. मधोमध उभी रेघ आखायची, डावी बाजू उजवीशी जुळवायची, तोंडाचा लंबगोल बसवायचा, पोटावर चकाकीची पट्टी कोरी सोडायची. एवढं साधलं की ग्रेडची काळजी मिटते.

१९५८ साली चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकी रचनाकार दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडलं. या देशात डिझाइनचं शिक्षण कसं असावं यावर त्यांनी जो अहवाल दिला, त्यात सगळ्यात प्रेमाने लिहिलेला भाग याच तांब्याविषयी आहे. त्यात पाणी किती मावावं, भरलेला असताना आणि अर्धा असताना तोल कुठे राहतो, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, बोटांची पकड कुठे बसते, ओतताना धार कशी पडते, आतून घासायला हात जातो का, धातू कोणता आणि किंमत किती, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. हा आकार कुणा एका माणसाने कागदावर आखलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने तो घडला, हे त्यांनी ओळखलं. त्या अहवालातूनच १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे आपण जिला एनआयडी म्हणतो ती, उभी राहिली.

आपल्या मुलाला तांब्या काढता येतो, पण इम्स दांपत्याचे प्रश्न त्याला शाळेत कुणी विचारलेले नसतात. ते विचारायला शिकवतं ते बारावीनंतरचं, काही वाटांवर दहावीनंतरचं, फाउंडेशनचं वर्ष. पुढे चित्रकार व्हायचं की शिल्पकार, जाहिरातीत जायचं की कपड्यांच्या, फर्निचरच्या, मोबाइलच्या पडद्यांच्या रचनेत, हे ठरण्याआधी सगळ्यांनी एका वर्गात बसून करायचा तो अभ्यास. नवी मुंबईत, खारघर-नेरूळ-वाशीच्या पट्ट्यात, या वर्षाभोवती आज मोठी धावपळ दिसते. प्रवेश परीक्षांचे क्लास, पोर्टफोलिओचे क्लास, समुपदेशन आणि लाखांतल्या फिया. या गर्दीत ते वर्ष नेमकं कशासाठी असतं, हेच हरवू लागलंय असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

सुरुवात वर्गापासूनच करू. पहिल्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी मोठा कागद देऊन फूटपट्टी बाजूला ठेवायला सांगतात. मग रेघा. उभ्या, आडव्या, तिरप्या, एकमेकींपासून समान अंतरावर, कागद संपेपर्यंत. दहावीला चित्रकलेचे वाढीव गुण मिळवून आलेल्या मुलाला हे अपमानास्पद वाटतं. पण दुसरा-तिसरा कागद होईपर्यंत त्याच्या लक्षात येतं की आपण आजवर मनगटातून रेघ काढत होतो, ती खांद्यातून यायला हवी. त्यानंतर ग्रे स्केल: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीच्या पायऱ्या, पोस्टर कलरमध्ये, प्रत्येक चौकोन सपाट, डाग नाही, ब्रशची खूण नाही. दोन पायऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखंच दिसलं पाहिजे. मग रंगचक्र. मग कागदाकडे न बघता फक्त वस्तूकडे बघत काढायचं रेखाचित्र. मग खुर्ची न काढता खुर्चीच्या पायांमधली रिकामी जागा काढायची. माझ्या मते पहिल्या सत्रातला सगळ्यात मोठा धडा हाच. खुर्ची काढायला सांगितलं की आपण मनातली खुर्ची काढतो. रिकामी जागा मनात कुठेच साठवलेली नसते, त्यामुळे ती काढायची तर समोर बघावंच लागतं.

पुढे द्विमित आणि त्रिमित संकल्प, निसर्गचित्र, स्मरणचित्र, यथार्थदर्शन, अक्षरलेखन, थोडं मुद्राचित्रण. माउंटबोर्ड कापून घन, मग त्याच घनाला चिरा देऊन, दुमडून, काहीही न जोडता नवा आकार. कटरने बोट कापलं नाही असा विद्यार्थी मला भेटलेला नाही. अक्षरलेखनाच्या तासाला बोरू हातात येतो आणि पहिल्यांदाच कळतं की ‘क’चं पोट आणि ‘र’ची शेपटी यांना वजन असतं, दोन अक्षरांमधली मोकळी जागा मोजायची नसते तर तोलायची असते. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ फॉन्ट घडवला, कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना चेहरा दिला, मोडीचा अभ्यास करून सुलेखन लोकांपर्यंत नेणाऱ्या अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. या तिघांचीही कामं आपण रोज कुठे ना कुठे पाहतो, वाचतो. त्यामागे अशाच रटाळ वाटणाऱ्या वळणांची तालीम आहे.

रात्री जागून शीट्स पुऱ्या करायच्या, सकाळी सब्मिशनला न्यायच्या आणि सगळ्या वर्गाच्या शीट्स भिंतीवर ओळीने लागल्या की आपली कुठे आहे ते निमूटपणे पाहायचं. शाळेत उत्तरपत्रिका आपली आपल्याला मिळते, शेजाऱ्याची दिसत नाही. इथे चाळीस जणांनी एकाच प्रश्नाची चाळीस उत्तरं दिलेली दिसतात आणि त्यातली बरीचशी बरोबर असतात. अठरा वर्षांच्या मुलासाठी हे दर्शनच फार मोठं असतं.

हे असं वर्ष आलं कुठून, तेही सांगायला हवं.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा, म्हणजे आपली जे.जे., सुरू झाली. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले. त्याच वर्षी, त्याच आवारात त्यांचा मुलगा रुडयार्ड जन्मला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी कमानींवरची शिल्पं या किपलिंगची. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत जे.जे.च्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. आज हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरणारा खारघरचा विद्यार्थी ज्या इमारतीतून बाहेर पडतो, तिच्या दगडी नक्षीवरही त्या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात फिरलेले आहेत. त्या काळचं शिक्षण मुख्यतः प्रतिकृतीचं होतं. युरोपातून आणलेल्या प्लॅस्टरच्या पुतळ्यांसमोर बसून महिनोन्‌महिने छायाप्रकाश गिरवायचा. रावबहादूर धुरंधर १८९० मध्ये तिथे विद्यार्थी म्हणून शिरले आणि पुढे शिक्षक होऊन संस्थेच्या संचालकपदापर्यंत पोहोचले. त्या एक्केचाळीस वर्षांचं त्यांनी लिहून ठेवलेलं पुस्तक कलाशिक्षणात रस असलेल्या प्रत्येक मराठी माणसाने वाचावं. हाताची शिस्त काय असते ते त्यात कळतं.

दुसरा प्रवाह जर्मनीचा. १९१९ साली वायमारमध्ये वॉल्टर ग्रोपियस यांनी बाउहाउस ही शाळा काढली आणि तिथे योहानेस इटन यांनी सहा महिन्यांचा प्राथमिक वर्ग सक्तीचा केला. सुतारकामाला जायचं असो की विणकामाला, आधी या वर्गातून जायचं. लाकूड, काच, लोकर, कागद हाताळून त्यांचा स्वभाव ओळखायचा. पुढे योझेफ आल्बर्स शिकवू लागले. त्यांचा एक पाठ प्रसिद्ध आहे: विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रं द्यायची आणि कागद जराही वाया न घालवता त्यातून काहीतरी घडवायला सांगायचं. महाल, बोटी, प्राण्यांचे मुखवटे करून आणणाऱ्यांपेक्षा कागद फक्त घडी घालून स्वतःच्या ताकदीवर उभा करणारा विद्यार्थी त्यांना अधिक भावे. नाझींच्या दडपणामुळे १९३३ मध्ये ती शाळा बंद पडली, पण तिचे शिक्षक जगभर गेले आणि त्यांच्यासोबत तो पहिला वर्गही गेला. इंग्लंडमध्ये १९६० च्या कोल्डस्ट्रीम अहवालानंतर कलाशिक्षणाची घडी बदलली आणि पदवीच्या आधीच्या स्वतंत्र पायाभूत वर्षाची पद्धत तिथे रुजली. आजही तिथली अनेक मुलं शाळा संपली की असं एक वर्ष काढतात.

आपल्याकडे हे दोन्ही प्रवाह एकत्र आले, आणि त्याचं उत्तम उदाहरण मराठी आहे. जे.जे.मध्ये शिकलेले सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्मच्या शाळेत गेले. बाउहाउसचा वारसा सांगणारी ही शाळा. तिथल्या पदविकेसाठी त्यांनी विषय निवडला तो मुंबईच्या दूध विक्री केंद्राचा. पहाटे बाटल्या कशा उतरतात, रांग कुठून लागते, विकणारी व्यक्ती कुठे उभी राहते, पावसात काय होतं, हे सगळं त्यात आलं. परत आल्यावर १९६९ साली पवईच्या आयआयटीत आयडीसी ही डिझाइनची शाळा सुरू झाली, तिच्या उभारणीत ते अग्रभागी होते. इम्स दांपत्याने तांब्याला विचारलेले प्रश्न नाडकर्णींनी दुधाच्या केंद्राला विचारले होते.

महाराष्ट्रात १९६५ साली स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झालं. त्याच्या छायेत गावोगावच्या कलामहाविद्यालयांत एक वर्षाचं फाउंडेशन, पुढे जी.डी. आर्ट किंवा कला शिक्षक पदविका अशी वाट तयार झाली. कोल्हापूर, पुणे, सावर्डे, नाशिक अशा ठिकाणांहून या वाटेने आलेल्या मुलांनी मराठी वर्तमानपत्रं, नाटकांचे फलक, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं सजवली. तुमच्या हातातल्या अंकाचं मुखपृष्ठही कदाचित अशाच कुणाचं असेल. जे.जे.मधल्या बीएफएच्या चार वर्षांतलं पहिलं वर्षही असंच पायाभूत स्वरूपाचं राहिलं.

आता नवी मुंबईकडे येऊ. या शहराला डिझाइनविषयी उदासीन राहण्याची मुभा नाही, कारण हे शहरच मुळात एक संकल्पचित्र आहे. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिआ, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि आगरी-कोळ्यांच्या गावांच्या, मिठागरांच्या, भातशेतीच्या जमिनीवर सेक्टर आखले गेले. त्या आखणीची किंमत इथल्या भूमिपुत्रांनी मोजली आहे, हे विसरून तिचं कौतुक करता येत नाही.

बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये, डोंगराच्या पायथ्याशी, कोरिआंनी ऐंशीच्या दशकात बांधलेली आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत आहे. सुमारे सहा हेक्टर जागा आणि साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं. सात घरं एका अंगणाभोवती, अंगण आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन समूह मिळून एकवीस घरं आणि त्यांच्या मध्ये बारा मीटर बाय बारा मीटरचा मोठा चौक. पुढे हे चौकही एकमेकांना जोडलेले. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे घर वाढवायचं तर शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. कमी उत्पन्नाच्या माणसाने आज एक खोली बांधावी, मुलं मोठी झाली की वर आणखी एक चढवावी, असा विचार आराखड्यातच होता. आज तिथे गेलात तर मूळची उतरत्या कौलांची मोजकी घरं आणि त्यांच्या जागी उठलेले टाइल लावलेले बंगले शेजारी-शेजारी दिसतात. काहींना यात आराखड्याचा पराभव दिसतो. मला तसं वाटत नाही. घरं बदलली, पण अंगणं शाबूत आहेत. मुलं तिथे अजून खेळतात आणि बायका दुपारी पापड वाळत घालतात. एक आकार घेऊन तो फिरवत, जोडत, त्यांच्यातली मोकळी जागा सांभाळत मोठी रचना कशी उभी राहते, हे फाउंडेशनच्या वर्गात काळ्या कागदाच्या चौकोनांनी शिकवतात. इथे तेच तुम्हाला चालून बघता येतं. नवी मुंबईत फाउंडेशन शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आपला वर्ग एक दिवस वह्या-पेन्सिलींसह इथे आणून सोडावा. वसाहतीचा नकाशा आधी दाखवू नये, मुलांनी तो पावलांनी काढावा.

दुसरी शाळा पेणला. खारघरहून गोवा महामार्गाने निघालं की काही वेळातच पेण, आणि जवळच हमरापूर, जोहे ही गणपतींची गावं. श्रावणाच्या आधी तिथल्या कारखान्यांत जा. साचा, शाडू, प्लॅस्टर, पॉलिशकाम, अंगाचा रंग, पितांबराचा रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा कारागीर ब्रश उचलण्यापूर्वी काही क्षण मूर्तीकडे नुसता बघत राहतो, मग एका दमात रेघ ओढतो. खांद्यातून येणारी रेघ म्हणजे काय, ते तिथे बघावं. यांतल्या बहुतेकांनी कुठलीही कलेची परीक्षा दिलेली नाही. त्यांच्याकडे फाउंडेशनच्या विद्यार्थ्यांनी आठ दिवस उमेदवारी केली तर दोन्ही बाजूंचं भलं होईल, कारण त्या कारागिरांपुढेही शाडू, प्लॅस्टर आणि विसर्जन असे रचनेचे खरेखुरे प्रश्न उभे आहेत.

शहरात या विषयाची सगळ्यात ठळक संस्था म्हणजे खारघरच्या सेक्टर चारमधली निफ्ट. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत १९८६ साली राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आणि तिचं मुंबई केंद्र १९९५ चं. चार वर्षांच्या बी. डेस. अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष तिथे फाउंडेशन प्रोग्रॅमचं. कापड, दागिने, विणकाम, संवाद अशा कुठल्याही शाखेचं मूल आधी या वर्षातून जातं. प्रवेशासाठी लेखी आणि चित्रांची परीक्षा आणि त्यानंतर सिच्युएशन टेस्ट. हातात तारा, कागद, कापडाचे तुकडे, थर्माकोल असं साहित्य आणि एक विषय देतात आणि दोन तासांत त्यातून प्रतिकृती उभी करायची. आल्बर्सच्या वर्तमानपत्रांचं नातं इथवर पोहोचतं. पवईच्या बी. डेस.साठी २०१५ पासून यूसीड ही परीक्षा आहे. राज्यातल्या बीएफए प्रवेशासाठी सीईटी आहे आणि तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान. शिवाय नेरूळ, खारघर, पनवेल परिसरात खासगी विद्यापीठांच्या डिझाइन शाळा उभ्या राहिल्या आहेत.

या परीक्षा वाईट नाहीत. त्यांच्याभोवती उभं राहिलेलं क्लासचं जग मात्र मला काळजीत टाकतं. स्मरणचित्राचंच घ्या. मुलाने बाजार, बसस्टॉप, विसर्जनाची मिरवणूक पाहावी, लक्षात ठेवावी आणि काढावी, एवढीच अपेक्षा असते. क्लासमध्ये त्याला पाच-सहा माणसं पाठ करायला लावतात: छत्रीवाला, पाठमोरी बाई, फुगेवाला, सायकलस्वार, बाळ कडेवर घेतलेली आई. विषय कुठलाही आला तरी हीच मंडळी जागा बदलून उभी राहतात. बाजारातही छत्री उघडी आणि रेल्वे फलाटावरही उघडी. परीक्षेत गुण मिळून जातात, आणि फाउंडेशनच्या शिक्षकाचे पहिले काही महिने ती पाठ केलेली माणसं मुलाच्या हातातून काढून टाकण्यात जातात. चांगले क्लासही आहेत. मुलांना वाशीच्या बाजार समितीत किंवा दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर नेऊन स्केचिंग करवून घेणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण पोर्टफोलिओ ‘तयार करून देणारे’ वाढत चालले आहेत, आणि पालक त्यांच्याकडे चांगल्या हेतूनेच जातात.

पालकांविषयी मला आस्था आहे. त्यांना दोष देणारे लेख पुष्कळ झाले. ऐरोली किंवा महापेच्या कंपनीत नोकरी, घराचे हप्ते, आणि मुलगी म्हणते मला सायन्स नको. त्यांचे प्रश्न खरे असतात. ‘पुढे काय?’ या प्रश्नाला आज तरी उत्तर आहे. ॲपचे पडदे, पुस्तकं, पॅकिंग, प्रदर्शनं, खेळणी, रुग्णालयांतली दिशादर्शक चिन्हं, चित्रपटांचे सेट, सगळीकडे या शिक्षणाची माणसं लागतात. ‘एआय आल्यावर चित्र काढणाऱ्यांचं काय?’ हा नवा प्रश्न. यंत्र क्षणात चार चित्रं देऊ शकतं, त्यातलं कोणतं निवडायचं आणि का, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. ग्रे स्केलच्या दोन पायऱ्यांमधला फरक ज्याच्या डोळ्याला कळतो, तोच ते ठरवू शकतो. म्हणून या काळात फाउंडेशनची गरज वाढली आहे, अशी माझी खात्री आहे. नेमक्या याच वेळी काही ठिकाणी ते वर्ष सहामाहीवर आलं आहे, आणि पहिल्या महिन्यापासून सॉफ्टवेअर शिकवण्याची जाहिरात होते. सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलतं आणि ते मुलं स्वतः शिकतात. डोळा घडायला वेळच द्यावा लागतो. शिकवणाऱ्यांनी या बाबतीत पालकांच्या घाईपुढे नमतं घेऊ नये.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो सगळ्यात टोचणारा आहे. फी भरली की खर्च संपत नाही. फुल इंपिरियल कागद, माउंटबोर्ड, पोस्टर कलरच्या बाटल्या, गोल आणि सपाट ब्रशांचे संच, ड्रॉइंग बोर्ड, कटरची पाती, पोर्टफोलिओची बॅग. एक शीट बिघडली की नवी आणावी लागते. १९३१ साली दांडेकर बंधूंनी गिरगावात सुरू केलेल्या कॅमलिनमुळे मराठी मध्यमवर्गाच्या घरात रंगपेटी आली. तरीही वर्षभराच्या साहित्याचा खर्च अनेक घरांना आजही झेपत नाही. सरकारी महाविद्यालयातली फी हजारांत मोजली जाते, खासगी संस्थांतली लाखांत. दिव्याच्या, तुर्भे स्टोअरच्या, तळोज्याच्या चाळीतल्या मुलाचा हात कितीही चांगला असला तरी त्याच्यासमोर दोनच पर्याय उरतात. एक म्हणजे हुशारी आणि नशीब दोन्ही जोरावर असतील तर जे.जे. दुसरा म्हणजे चित्र सोडून देणं. जे.जे. मिळालं तरी रोज बोर्ड आणि कागदाची नळी घेऊन लोकलच्या गर्दीत तासाहून अधिक उभं राहायचं, आणि रात्री घरी त्याच खोलीत सगळे झोपलेले असताना शीट पसरायला जागा शोधायची. मुलींच्या बाबतीत उशिरा परतण्याची घरच्यांची धास्ती वेगळीच.

प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आई-वडिलांना एवढंच सांगेन. संस्था निवडताना इमारत आणि नोकरीचे आकडे बघण्याआधी पहिल्या वर्षाचं वेळापत्रक मागा. आठवड्यात हाताने काम करण्याचे तास किती, शिकवणारे स्वतः काम करतात का, वर्षअखेरीच्या प्रदर्शनात सगळ्यांची कामं एकसारखी दिसतात की वेगवेगळी, हे बघा. एकसारखी दिसली तर तिथे शिकवणं नीट चाललेलं नाही. प्रवेशाआधीच्या सुटीत क्लासऐवजी एक साधी वही घ्या आणि रोज एक पान भरा. पनवेल लोकलमधले झोपलेले प्रवासी, नेरूळच्या पाणथळीवरचे फ्लेमिंगो, घरातला मिक्सर, आजीचे हात. मिक्सरचं झाकण तसंच का आहे, तेही शेजारी लिहा.

शेवटी एक मागणी. राज्य सरकारची कलामहाविद्यालयं आहेत ती मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तीन शहरांत. त्यातली मुंबईची जे.जे. संस्था २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झाली आहे. नवी मुंबईत एकही नाही. रायगड, ठाणे आणि कोकणातल्या मुलांना जवळ पडेल असं हे शहर. सिडकोकडे जमीन आहे, महापालिकेने उड्डाणपुलांच्या खांबांपासून संरक्षक भिंतींपर्यंत शहरभर चित्रं रंगवून घेतली आहेत आणि त्यासाठी तरुण चित्रकारांना बोलावलं आहे. ज्या शहराला भिंती रंगवायला चित्रकार लागतात, त्याने ते घडवण्याची जबाबदारीही घ्यावी. सुरुवातीला पूर्ण महाविद्यालय नको. एक वर्षाचा, कमी फीचा, साहित्य संस्थेनेच पुरवलेला सरकारी फाउंडेशन वर्ग, दोन मोठ्या खोल्या, एक कार्यशाळा आणि रात्री नऊपर्यंत उघडी राहणारी जागा एवढं पुरे. सिडको, महापालिका आणि कला संचालनालय यांनी एकत्र बसून हे ठरवावं, आणि येत्या जूनमध्ये पहिली तुकडी बसवावी.